न्हाणीची फट आणि माजघराची भिंत



गेल्या खेपेला आपण घरचे सोयाबीन बियाण्यासाठी कसे राखावे हे पाहिले. त्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली. खरे म्हणजे ती मी राहू दिली, कारण ती माझ्याच चुकीची आहे. आज ती सांगून टाकतो. गोष्ट सुरू होते बियाण्यापासून, पण जायचे आहे न्हाणीघरात. तेव्हा अर्ध्यावर आल्यावर ‘हे सदर चुकून दुसऱ्या पानावर पडले की काय’ असे म्हणू नका.

करवीर तालुक्यातल्या एका गावी माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो, मीही तात्याच म्हणतो. नदीकडेला ऊस, वरच्या माळाला सोयाबीन आणि भुईमूग, दावणीला दोन म्हशी, असा बेताचा पण नीटनेटका प्रपंच. घर जुने, भेंड्याच्या भिंतींचे. दिवाळीच्या सुमारास मळणी उरकली तेव्हा तात्यांनी विचारले, “साहेब, बियाची पोती ठेवायची कुठं?” मी घरभर हिंडलो. सोप्यात ऊन येत होते, माडीवर पत्र्याची धग होती. माजघरात पाऊल टाकले आणि एकदम गार वाटले. मी म्हटले, “इथंच ठेवा तात्या. बियाण्याला गारवा मानवतो.” झाले, पोती माजघराच्या मागच्या भिंतीला रचली गेली.

मेअखेर उगवण तपासायला गेलो. रीत तुम्हांला ठाऊकच आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे. वरच्या पोत्यांतले दाणे सत्तरीच्या पुढे गेले. भिंतीला टेकलेल्या खालच्या पोत्यांतले मात्र निम्मेही उगवले नाहीत.

तात्या म्हणाले, “एका रानातलं, एका मळणीचं बी. मग असं कसं झालं हो?”

पोती हलवली. मागची भिंत जमिनीपासून दीड हात उंचीपर्यंत काळवंडलेली, तिच्यावर पांढरा लोणा आलेला. बोट लावले तर पोपडा हातात आला आणि आतली माती शेणासारखी मऊ लागली. विहिरींनी तळ गाठला होता आणि माजघराची भिंत ओली! दिवाळीत मला जो गारवा वाटला तो गारवा नव्हताच, ओल होती. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा, हे मी दहा सभांतून सांगितलेले. आणि तात्यांच्या घरी भिंतीला हातही न लावता मी पोती टेकवायला सांगितली. भिंतीच्या पलीकडे होती दोन वर्षांपूर्वी बांधलेली नवी न्हाणी.

काकूंनी लगेच निकाल दिला. “न्हाणी घरात आणली तवाच मी म्हणलं हुतं, पाण्याला घरात घेऊ नगासा. कुलूप लावा तिला. आमी परड्यात आंघुळ केली न्हाई व्हय?”

सूनबाई दारात उभी होती. ती इतकेच म्हणाली, “आत्ती, फट बुजवता येती. पर न्हाणी बंद केली तर आमी पहाटं अंधारात परड्यात जायाचं, ते किती वर्सं?”

कोणी काही बोलले नाही. मला मात्र त्या घडीला कळले की प्रश्न आता पोत्यांचा राहिलेला नाही. बोटभर फट बुजवता आली नाही, तर या घरातल्या बायकांची न्हाणी जाणार.

काकूंचे बोलणेही अगदी उगीच नव्हते. जुन्या काळी न्हाणी परड्यात असे. एक मोठा दगड, शेजारी बंब किंवा चूल, गोणपाटाचा आडोसा. सांडलेले पाणी अळवाला आणि केळीला जाई, बाकीचे ऊन पिऊन टाकी. फटी तिथेही होत्या, पण त्यांनी बिघडण्याजोगे काही आसपास नव्हते. आता न्हाणी घराच्या पोटात आली. येणे योग्यच होते. पण घरात आलेली न्हाणी परड्यातल्या सवयीने बांधून चालत नाही. दोन पावलांवर धान्य आहे, देव्हारा आहे, भेंड्याची भिंत आहे. भेंडा म्हणजे उन्हात वाळवलेली कच्ची वीट. पाणी मिळाले की ती पुन्हा माती होते.

आता फट पडते कुठे? बहुतेक घरांत एकाच जागी. भिंतीची फरशी जिथे खालच्या फरशीला भेटते त्या कोपऱ्यात. तात्यांच्या न्हाणीतही तिथेच केसाएवढी चीर होती. गवंड्याने ती दोनदा पांढरे सिमेंट भरून बुजवली होती आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उघडली होती. तात्या गवंड्यावर चिडलेले. पण कारागिराचा दोष थोडा आणि जिन्नस चुकल्याचा दोष मोठा.

तुम्ही काळ्या रानातले लोक. उन्हाळ्यात काळी जमीन आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की तीच जमीन फुगून भेगा मिटतात. त्या जमिनीवरचे घरही ऋतूप्रमाणे थोडे हलते. भिंत आपल्या चालीने हलते, जमिनीची फरशी आपल्या चालीने. त्यात सकाळी कढत पाणी पडते आणि दुपारी सारे निवते. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण कोपऱ्याला ती रोज सोसावी लागते. सिमेंट कडक असते. ते दाब सोसते, ताण सोसत नाही. फरशी आणि फरशी यांच्यामधल्या सांध्यात ते चालते, कारण त्या दोघी एकाच भिंतीवर बसलेल्या असतात. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात ते तडकणारच. नळाच्या जोडाला दोन गोळे एकत्र मळून लावतात ते सीलही दगडासारखे कडक होते. कोपऱ्यात त्याचीही तीच गत.

मग भरायचे काय? याचे उत्तर आपल्या जिल्ह्याने नदीवर केव्हाच देऊन ठेवले आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आठवा. पावसाळा ओसरला की खांबांच्या खाचांत बरगे बसवतात. बरग्यांची रांग एक नसते, दोन असतात, आणि दोन रांगांच्या मध्ये चिखलमाती ठासतात. बरगा कितीही नीट तासला तरी बरग्याला बरगा पाणी अडेल इतका बसत नाही. गळती थांबते ती मधल्या मऊ मातीने. पाण्याचा दाब आला की ती फटीत घुसून बसते. पुढे लोखंडी बरगे आले, तेव्हा त्यांना रबराची पट्टी जोडली. तीही मऊच. ज्या जागी दोन वस्तू हलणार तिथे मधला जिन्नस मऊ आणि ताणला जाणारा हवा, हे आपल्याकडच्या पाटकऱ्यालाही ठाऊक आहे. न्हाणीच्या कोपऱ्यासाठी असा जिन्नस म्हणजे सिलिकॉन सीलंट. हार्डवेअरच्या दुकानात तो नळीत भरून मिळतो आणि छोट्या हातगनने दाबून मारायचा असतो.

पण थांबा. नळी आणली आणि मारली असे करू नका. आधी पाणी नक्की कुठून जाते ते शोधा. बांधाला खेकड्याचे भोक एकीकडे आणि आपण माती टाकतो दुसरीकडे, असे व्हायला नको. तात्यांकडे आम्ही तीन गोष्टी पाहिल्या.

रात्री सारे नळ बंद करून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण केली. सकाळी पाणी खुणेलाच होते, म्हणजे भिंतीतला पाइप शाबूत. नंतर परड्यातल्या चेंबरकडून सांडपाण्याचा पाइप चिंधीने घट्ट बुजवला आणि न्हाणीच्या जाळीपर्यंत पाणी भरून ठेवले. तेही तासभर हलले नाही. शेवटी कोपरा पुसून कोरडा केला आणि फटीपासून चार बोटांवर कणकेचा लहानसा बांध घातला, रानात वाफ्याला घालतो तसा. आत तांब्याभर पाणी ओतले. अर्ध्या तासात पाणी बोटभर उतरले. सूनबाई वाकून बघत होती. म्हणाली, “सापडलं.”

मग रुपयाने खालच्या ओळीतल्या फरशा वाजवून पाहिल्या. ज्या घट्ट बसल्या होत्या त्या खणखणल्या, दोन फरशा डबडब वाजल्या. म्हणजे त्यांच्या मागे पोकळी होती आणि तिच्यात पाणी साठत होते. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोपऱ्यातली सिलिकॉनची रेघ ही शेवटची राखण आहे, पहिली नव्हे. खरा अटकाव फरशीच्या खाली असतो. जमिनीवर वॉटरप्रूफिंगचा लेप देऊन तो भिंतीवर निदान फूटभर चढवावा आणि जिथे अंगावर पाणी घेतो तिथे डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा. कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई द्यावी. पाच फुटांच्या न्हाणीला जाळीकडे एक ते सव्वा इंच उतार हवा. उतार उलटा असेल तर पाणी कोपऱ्यात उभे राहील आणि मग कोणतीही रेघ फार दिवस टिकणार नाही. नवे बांधकाम काढणाऱ्यांनी फरशी बसवण्यापूर्वीच गवंड्याकडून हे करून घ्यावे. तात्यांकडे उतार बरा होता. पोकळ वाजणाऱ्या दोन फरशा काढल्या, मागची जागा वाळवून तिथे लेप दिला आणि फरशा पुन्हा बसवल्या.

आता कोपऱ्याचे काम. ते घरच्या घरीही जमते, घाई मात्र चालत नाही.

आधी फटीतले जुने सिमेंट, साबणाचा थर, काळी बुरशी, सारे खरवडून काढावे. आधीचे सिलिकॉन असेल तर तेही पुरते काढावे, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. मग जागा कोरडी होऊ द्यावी. वरून कोरडी दिसते म्हणून फसू नये. आम्ही तीन दिवस न्हाणी बंद ठेवली. काकूंनी त्या तीन दिवसांपुरता परड्यातला आडोसा पुन्हा उभा केला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, “आवरा लौकर. लई गार वारं लागतंय पहाटंचं.”

फट दोन आगपेटीच्या काड्या मावतील इतकी, म्हणजे तीन ते सहा मिलिमीटर असावी. अगदीच केसासारखी असेल तर थोडी कोरून रुंद करावी, नाही तर आत काही जात नाही. फट खोल असेल तर तळाशी फोमची बारीक दोरी दाबून बसवावी. सिलिकॉन फक्त दोन बाजूंना, भिंतीला आणि जमिनीला चिकटले पाहिजे. तळालाही चिकटले तर त्याला ताणायला जागा उरत नाही आणि ते फाटते.

आता जो मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे तो. सिलिकॉन दोन जातींचे मिळते. एकाला आंबट, शिरक्यासारखा वास येतो. वाळताना त्यातून आम्ल सुटते. ते काचेला आणि चिनी मातीच्या गुळगुळीत फरशीला चालते. पण आपल्याकडे न्हाणीत खाली बहुधा शहाबादी नाही तर कडाप्पा असतो, आणि हे दोन्ही चुनखडीचे दगड. चुनखडीवर लिंबू पिळले तर फेस येतो, हे तुम्ही करून पाहू शकता. तसेच हे आम्ल दगडाला आणि सिमेंटला लागते. कड भुसभुशीत होते आणि रेघ सुटून येते. शहाबादी, कडाप्पा, संगमरवर किंवा उघडे सिमेंट असेल तर दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ म्हणून मागावे आणि नळीवर तसे लिहिले आहे का ते वाचून घ्यावे. तात्यांच्या मुलाने पहिल्यांदा आंबट वासाचीच नळी आणली होती. ती बाजूला ठेवून दुसरी आणावी लागली.

फटीच्या वर आणि खाली कागदी चिकटपट्टी लावावी. नळीचे तोंड तिरके, फटीच्या रुंदीइतके कापावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात न थांबवता एकसारखा दाब देत जावे, पाभरीने पेरताना मूठ एकसारखी सोडतो तसे. लगेच साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवावे, म्हणजे मधोमध थोडा खोलगट आकार येतो आणि दोन्ही कडा दाबून बसतात. ओले आहे तोवरच पट्ट्या काढाव्यात. पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. त्यानंतर हात लावू नये. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत पक्के होत जाते, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. म्हणून निदान एक दिवस, रेघ जाड असेल तर दोन दिवस पाणी टाकू नये. काम चालू असताना दार-खिडकी उघडी ठेवावी.

हल्ली नव्या बंगल्यांत, पुण्या-मुंबईहून परतलेल्या मुलांच्या आग्रहाने, शॉवरच्या खाली तयार फायबरचा ट्रे बसवतात. तिथे दोन गोष्टी अधिक पाहाव्यात. भिंतीची फरशी ट्रेच्या उभ्या काठावर येऊन उतरली पाहिजे, कौलारू छपरात वरचे कौल खालच्यावर चढते तशी. म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी ट्रेमध्येच पडते, काठाच्या मागे जात नाही. फरशी आणि काठ यांत काडीभर फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी. दुसरे असे की ट्रेवर माणूस उभा राहिला की तो किंचित दबतो आणि फट रुंदावते. म्हणून सिलिकॉन मारण्यापूर्वी ट्रेमध्ये पाण्याने भरलेल्या दोन-तीन बादल्या ठेवाव्यात आणि रेघ पक्की होईपर्यंत तशाच राहू द्याव्यात. अशाने फट जास्तीत जास्त उघडलेली असताना भरली जाते आणि पुढे वजनाने फाटत नाही.

कोपरा झाला, पण ओली भिंत राहिलीच होती. तात्या म्हणाले, “आता माजघराकडनं सिमेंटचा गिलावा करून टाकतो, म्हणजे दिसायला नको.” मी हात जोडले. मातीची भिंत दोन्ही अंगांनी श्वास घेऊन वाळते. तिला सिमेंटचे अंगरखे चढवले की आत अडकलेली ओल वर चढते आणि दीड हाताची ओल पुरुषभर होते. आम्ही उलट केले. सुटलेले पोपडे खरवडले, लोणा झाडून काढला, भिंत उघडी ठेवली आणि खिडकी सताड उघडली. ओल जायला महिने लागतात; आधी पाणी थांबवायचे आणि मग धीर धरायचा. तात्यांच्या भिंतीला पुढच्या संक्रांतीनंतर मातीचा गिलावा आणि चुना झाला. त्यात वाळवीही दिसली नाही, हे नशीबच म्हणायचे. ओलसर माती आणि लाकडी चौकट एका जागी असली की वाळवीला आमंत्रणच असते.

त्या खरिपाला खालच्या पोत्यांतले सोयाबीन तात्यांना बाजारात घालावे लागले आणि तेवढे बियाणे विकत आणावे लागले. त्या पैशांत सिलिकॉनच्या किती नळ्या आल्या असत्या याचा हिशेब तात्यांनी मला ऐकवला, आणि मी तो मुकाट्याने ऐकून घेतला. बियाण्याची पोती आता माजघरातच असतात, पण फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर सोडून.

तुम्ही काय करावे ते थोडक्यात सांगतो. नदीला राजाराम बंधाऱ्यावर जशी 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ठरलेली आहे, तशी घराच्या भिंतीलाही असते. पांढरा लोणा, मातकट कुबट वास, कोपऱ्यात काळी रेघ, रंगाला आलेले फोड, ही इशारा पातळी. भिंत बोटाने खचली की धोका पातळी. इशाऱ्याला जागे झालात तर काम एका नळीवर आणि तीन दिवसांवर भागते. सिलिकॉनची रेघही जन्माची नसते. तिची कड सुटू लागली किंवा ती फाटली की ठिगळ लावत बसू नका; काढा आणि नवी मारा. तारेच्या घासणीने ती घासू नका. आंघोळीनंतर खिडकी थोडा वेळ उघडी ठेवा, म्हणजे बुरशी कमी धरते.

गेल्या मे महिन्यात पुन्हा उगवण तपासायला तात्यांकडे गेलो होतो. मी गोणपाट उलगडत होतो तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली, “सूनबाई, साहेब आल्यात तर त्यास्नी न्हाणीचा कोपराबी दाखव. मी कालच बोट फिरवून बघितलंय, पर त्यांनीबी बघू दे.”

मृगाच्या आधी तुम्हीही आपल्या न्हाणीच्या कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवा, आणि भिंतीच्या पलीकडे काय ठेवले आहे तेही पाहून या.

पुढच्या खेपेला पावसाळ्यातला गोठा आणि जनावरांच्या खुरांची निगा यांविषयी बोलू.